सूत आणि मळसूत्र

मराठीच्या वर्गात 'पेच' या शब्दावर तासभर सहज बोलता येते. कुस्तीतला पेच, पतंगांचा पेच, पागोट्याचा पेच, राजकारणातला पेचप्रसंग. शब्द फारसीतून आला, मूळ अर्थ पीळ किंवा वळसा, एवढे सांगितले की अध्यापकाचे काम झाले. पण ज्या वस्तूला आमच्या वाशिम जिल्ह्यातला मिस्त्री पेच म्हणतो, ती तळहातावरची लोखंडी वस्तू, तिच्या अंगावरचे आटे आणि ते आटे ज्यात बसतात ते भोक, हा काही आमच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही. 'मळसूत्र' या शब्दाची गत त्याहून वाईट. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो स्क्रू या अर्थाने नोंदलेला आहे. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना विचारले तर मंगळसूत्राशी काही नाते असावे असे उत्तर येते. प्रस्तुत लेखात आम्ही या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा, म्हणजे धातूच्या लहान तुकड्यात भोक पाडून त्यात आटे पाडण्याच्या कारागिरीचा, आमच्या परिसरापुरता इतिहास मांडू इच्छितो.

निमित्त आहे छर्ऱ्याच्या बंदुकीचे. रामनवमीला पोहरादेवीस भरते तशा यात्रांतून फुगे लावलेली फळी आणि तिच्यापुढे दोरीने बांधलेली बंदूक आपण सर्वांनी पाहिलेली आहे. दुसरी बंदूक असते शेतावर, जागलीला जाणाऱ्याच्या खांद्यावर. तिचा उपयोग मारण्यापेक्षा आवाज करण्याकडे अधिक, आणि रोह्यांच्या कळपाला तिची कितपत भीती वाटते हा प्रश्नच आहे. तिसरी असते जुन्या वाड्यात, कपाटाच्या मागे, आजोबांच्या शौकाची आठवण म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर पाखरे मारण्याचा तो शौक कायद्याने संपला, तरी बंदूक राहिली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली ठराविक लहान हवाई बंदुकांना परवान्याची गरज नव्हती. २०१६ च्या नियमांनी २० ज्यूल ऊर्जेची आणि ४.५ मिलिमीटर व्यासाची मर्यादा स्पष्ट घातली. या ४.५ मिलिमीटरलाच दुकानदार 'वन सेव्हन सेव्हन' म्हणतो, म्हणजे इंचाचे ०.१७७. एकाच नळीला दोन मापे. ही दुहेरी मोजणी वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिच्यावर बरेच अवलंबून आहे.

या बंदुकीत दारू नसते. नळी मोडून खाली दाबली की एक जाड स्प्रिंग आकुंचन पावते. चाप ओढताच ती सुटते, पुढचा दट्ट्या हवा दाबतो आणि छर्रा निघतो. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर असतो, जुन्या सायकल पंपात असे तसा. दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेने बसतो. हिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. त्यामुळे तिचे स्क्रू ढिले होतात. मालक ते आवळतो. पुन्हा ढिले होतात, तो पुन्हा आवळतो, जरा जास्तच, आणि एके दिवशी स्क्रू नुसता फिरत राहतो. "सर, याचे आटे गेले. आता वरच्या नंबरचा टॅप मारा लागते," हे वऱ्हाडी निदान त्यानंतरचे.

तालुक्याच्या गावी बंदूक दुरुस्त करणारा स्वतंत्र कारागीर नसतो. बंदूक जाते थ्रेशर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडे, किंवा आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम केलेला कोणी घरच्या ओसरीवरच व्हाइस लावून बसतो त्याच्याकडे. त्याचे काम आम्ही अनेकदा पाहिले. आधी तो जागा खुणावतो, पंचाने एक बारीक खड्डा पाडतो, कारण त्याशिवाय ड्रिलचे टोक गुळगुळीत पृष्ठभागावर भटकते. मग भोक. ते स्क्रूच्या मापाचे नसते, स्क्रूहून लहान असते: चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ३.३ मिलिमीटरचे, पाचासाठी ४.२ चे, सहासाठी पाचाचे. उरलेला धातू आट्यांसाठी राखलेला असतो. मग टॅप. तीन टॅपांचा संच असतो. पहिला निमुळता, तिसरा बुडापर्यंत पूर्ण दातांचा, मधला मधला. टॅप सरळ उभा धरायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवले की आत सुटलेला धातूचा कीस तुटतो. न फिरवले तर तो अडकतो आणि टॅप आतच मोडतो. पोलादात काम असेल तर तेल, अॅल्युमिनियमला रॉकेल, पितळ आणि बीड कोरडेच. मोडलेला टॅप काढणे हे सगळ्यांत अवघड, कारण तो त्या तुकड्याहून कठीण असतो आणि त्याला ड्रिल लागत नाही. सुटा भाग लहान, त्याचा बाजारात पर्याय नाही. टॅप मोडला म्हणजे बंदूक गेली. म्हणून मिस्त्री त्या पाव फेऱ्याच्या वेळी बोलत नाही.

भोक पाडण्याची विद्या आमच्या भूमीत पुरातन आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचे, त्याच्या राज्यवर्ष ३७ मधले दानपत्र १९३९ साली येथे सापडले. त्याची भाषा अंशतः संस्कृत व अंशतः प्राकृत आहे, म्हणून भाषेचे अभ्यासक त्याच्याकडे वळतात, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांवर केलेले काम आपल्याला परिचित आहेच. पण अशी दानपत्रे अनेक पत्र्यांची असत, आणि ते पत्रे एकत्र राहावेत म्हणून प्रत्येकास छिद्र पाडून त्यांतून कडी ओवीत व कडीवर राजमुद्रा बसवीत. अक्षरे कोरणाराचा विचार आपण करतो, छिद्र पाडणाराचा करीत नाही. वास्तविक त्या छिद्रावर दानाची विश्वासार्हता अवलंबून होती: एखादा पत्रा बदलायचा तर कडी तोडावी लागे.

छिद्र पाडायचे साधन म्हणजे सामता. सुताराच्या आणि सोनाराच्या हातचा. दांड्याभोवती दोरीचा एक वेढा, दोरीची टोके कामठ्याला. कामठा पुढेमागे ओढला की दांडा उलटसुलट फिरतो. मोत्याला वेज पाडण्यापासून बैलगाडीच्या चाकापर्यंत सारी भोके या एका युक्तीवर पडत. 'भोक', 'वेज', 'छिद्र', 'नेढे' असे चार शब्द मराठीत चार वस्तूंसाठी नांदतात, यावरून या कामाचा पसारा लक्षात यावा. परंतु सामत्यात एक अंगभूत मर्यादा आहे. तो जितका पुढे फिरतो तितकाच मागे फिरतो. भोकाला हे चालते. आट्यांना चालत नाही. आटा म्हणजे एकाच दिशेने अखंड चढत गेलेली रेघ.

गंमत अशी की ही चढत जाणारी रेघ आमच्या लोकांना मुळीच अपरिचित नव्हती. वऱ्हाड कापसाचा मुलूख. सरकी वेगळी करण्याच्या हातरेच्यात दोन लाटा असतात आणि त्या परस्परविरुद्ध दिशांनी फिराव्यात म्हणून त्यांच्या टोकांना तिरपे पीळदार दाते कोरलेले असतात. एका लाटेचे पीळ दुसरीत गुंतून तिला फिरवतात. लाकडात कोरलेले हे मळसूत्रच होय. मध्ययुगीन भारतातील तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना इरफान हबीब यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पीळदार दात्यांचे महत्त्व आवर्जून सांगितले आहे. घरात प्रवासाला न्यायचा फिरकीचा तांब्या असे. त्याचे झाकण फिरवून बसवायचे, पाणी सांडत नसे. लाकडात पीळ होता, पितळेत होता. पण लोखंडी खिळ्यावर तो बारीक आणि एकसारखा कापणे ही वेगळी गोष्ट होती.

अहसान जान कैसर यांनी युरोपीय तंत्रज्ञानाला भारतीयांनी दिलेल्या प्रतिसादावर १९८२ साली जो ग्रंथ लिहिला, त्यातली एक नोंद आम्हांला विलक्षण वाटते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे जे स्क्रू बनत त्यांवर आटे कापलेले नसत. खिळ्याभोवती तार गुंडाळून ती डाखाने चिकटवीत आणि आट्यांचा आभास निर्माण करीत. असा स्क्रू नीट बसत नसे. कारण कापण्यासाठी लागणारी, एकाच दिशेने अखंड फिरणारी लेथ येथे नव्हती. आपल्या कातारी लोकांचे यंत्रही दोरीने पुढेमागे ओढण्याचे. सामत्याचाच आडवा भाऊ. ज्या काळाची ही नोंद आहे, त्याच काळात, १६७० साली, शिवाजी महाराजांच्या फौजेने आमच्या जिल्ह्यातील कारंज्यावर छापा घालून अपार संपत्ती नेली. कारंज्याच्या पेठेत त्या वेळी तलम कापडापासून जवाहिरापर्यंत सर्व काही होते. चांगला स्क्रू मात्र त्या पेठेत मिळाला नसता.

तार गुंडाळलेला खिळा आणि 'मळसूत्र' या शब्दातले सूत्र यांची सांगड घालण्याचा मोह कोणालाही होईल. आम्ही व्युत्पत्तीचा दावा करीत नाही. तरी शब्दांचा एक मेळ दाखवल्यावाचून राहवत नाही. मराठीत 'कातणे' म्हणजे सूत काढणे, आणि 'कातणे' म्हणजे लाकूड चरकावर धरून गोल उतरवणे. त्यावरून कातारी, कातकाम, आणि कवींनी नायिकेच्या बांध्याला लावलेले 'कातीव' हे विशेषण. इंग्रजीतही सुताला आणि आट्याला एकच शब्द आहे, थ्रेड. टकळी, चरक, सामता, लेथ ही सारी फिरणाऱ्या दांड्याची संतती. भाषांनी हे नाते तंत्रज्ञांच्या आधी ओळखले असावे.

आट्यांचा आधुनिक इतिहास इंग्लंडात सुरू होतो आणि वऱ्हाडच्या कापसाच्या मागोमाग आमच्याकडे येतो. १८०० च्या आसपास हेन्री मॉडस्ले याने अचूक आटे कापणारी लेथ सिद्ध केली. तरीही प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणच्या नटात जात नसे. मोडला तर जिथला माल तिथेच न्यावा लागे. मॉडस्लेच्या हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी पाहिली आणि १८४१ साली एक सर्वांसाठीची योजना मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला एका इंचात किती आटे याचा ठरलेला आकडा. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२. हा व्हिटवर्थ पुढे बंदुकांकडेही वळला आणि षट्कोनी पोकळीची एक अत्यंत अचूक रायफल त्याने तयार केली. त्याचा कारखाना होता मँचेस्टरला.

मँचेस्टर हे नाव वऱ्हाडाला नवे नाही. लोकभाषेत ते मांजरपाट, मलमल यांच्या गाठोड्यांतून आले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ते लुटीचे प्रतीक म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. कारंज्याचा कापूस बाहेर जावा म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मापाचा लोहमार्ग झाला. तीच आमची 'शकुंतला'. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनले होते, आणि १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांवर, त्याने काम केले. सूत व्हायला कापूस मँचेस्टरला गेला, आणि मँचेस्टरहून आटे इकडे आले. आमच्या भागातल्या लोहारांनी आणि त्यांच्या मुलांनी अचूक नट-बोल्ट प्रथम हाताळला तो रेल्वेच्या आणि कापसाच्या जिनांच्या यंत्रांवर. त्या काळच्या ब्रिटिश यंत्रांवर आटे व्हिटवर्थचेच. अकोल्याहून वाशिम, हिंगोलीवरून पूर्णेकडे जाणारी दुसरी गाडी २००८ पर्यंत मीटर मापाची होती. नाव फ्रेंच मापाचे, बोल्ट इंग्रजी मापाचे. कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

याच सुमारास गावच्या लोहाराची बाजू काय होती हे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाड्या'त, १९१५ साली, सविस्तर आले आहे. लोहार बलुतेदार, फाळ शेवटून द्यायचा, विळ्याला दाते काढायचे, आणि सुगीला धान्य न्यायचे. घिसाडी फिरते. या दोघांच्याही कामात अचूकतेची कल्पना होती, पण ती त्या एका वस्तूपुरती: हा फाळ या नांगराला बसला की झाले. कुठलाही बोल्ट कुठल्याही नटात जावा ही अपेक्षा बलुतेदारीच्या व्यवस्थेतच बसत नाही, कारण तिथे वस्तू बनवणारा आणि वापरणारा आयुष्यभर एकमेकांच्या समोर असतात. एकसारखे आटे लागतात ते अनोळखी माणसांच्या व्यवहाराला. आम्हांला वाटते की प्रमाण भाषेची गरजही अशीच अनोळखी माणसांच्या व्यवहारातून निर्माण झाली, आणि मराठीत ती त्याच शतकात झाली. कँडीचे व्याकरण-शुद्धलेखन आणि व्हिटवर्थचे आटे एकाच काळाची अपत्ये आहेत. या साम्यात दोहोंची हानीही सारखीच आहे: वऱ्हाडी 'मारा लागते' अशुद्ध ठरले, आणि गावच्या लोहाराचा पेच बेमाप.

मराठी साहित्याशी या धातूकामाचा एक थेट धागा आहे, आणि तो आपण फारच सहज विसरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्या कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना कळावी म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाची एक पिढी ज्या कथांवर वाढली त्या कथा फाळाच्या बोल्टांशेजारी छापल्या गेल्या होत्या. शेतकऱ्याने तो नांगर घ्यायला आधी का-कू केली. लोखंडाने जमिनीला विष होते अशी समजूत होती. पण नांगर पटला यामागे आणखी एक कारण होते: त्याचा झिजलेला भाग काढून नवा बसवता येई. म्हणजे बोल्ट. नागपूरच्या धरमपेठेतून निघणारे 'उद्यम' मासिक शेती आणि घरगुती उद्योगांसंबंधी शुद्ध मराठीत लिहीत असे. आमच्या ग्रंथालयांतून कथा-कवितांच्या अंकांच्या बांधणी झाल्या. 'उद्यम'चे अंक बहुतेक ठिकाणी रद्दीत गेले. साहित्याच्या अध्यापकांचाच तो निर्णय होता, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर मापे बदलली. १९५६ च्या अधिनियमाने दशमान पद्धती आली, १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे, १९५८ च्या ऑक्टोबरापासून किलो आणि मीटर. तत्पूर्वीच, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी आणि अमेरिकी आट्यांची जुळणी होईना म्हणून झालेल्या हालांनंतर, १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचा एकत्रित आटा मान्य केला होता. ६० अंशांचाच मेट्रिक आटा पुढे जगभर रूढ झाला. कायद्याने इंच गेला. पण वाशिमच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात उभे राहावे आणि ऐकावे: "तीन सुती सळी द्या", "दोन सुताचा ड्रिल आहे का?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंचाला आठ सुते. ज्या पोराला इंच शाळेत कोणी शिकवला नाही, तो सुतात बोलतो. कायद्याने हद्दपार केलेला इंग्रजी इंच मराठी नाव घेऊन कापसाच्या धाग्यात लपून बसला आहे, असे म्हटले तर ते केवळ आलंकारिक होणार नाही.

छर्ऱ्याच्या बंदुकीत हा सारा इतिहास एकत्र येतो. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने १९०५ साली हवाई रायफल बाजारात आणली. ती इंग्रजी वंशाची. जर्मनीत रास्टाटला १८९० मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याच्या 'डायना' बंदुका, त्या मिलिमीटरच्या वंशाच्या. भारतीय कारखान्यांनी दोन्हींचे नमुने समोर ठेवले. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातली इंडियन ह्यूम पाईप, जिचे नाव आपण मोठमोठ्या सिमेंटच्या नळांवर वाचलेले असते, तीही 'नॅशनल' या नावाने हवाई रायफली काढीत असे. आता अशा बंदुकीचा एखादा स्क्रू हरवला, आधीच्या मालकाने मिळेल तो घुसवला, त्याच्या आधीच्याने वेगळाच. मिस्त्रीपुढे येते ते एक संमिश्र संहितेचे हस्तलिखित. कोणता पाठ मूळ?

पाठचिकित्सेची उपमा आम्ही उगाच वापरत नाही. ब्रिटिश असोसिएशनने १८८४ च्या सुमारास बारीक स्क्रूंसाठी एक मालिका सुचवली होती. जुने रेडिओ, मापनयंत्रे यांत ती सर्रास सापडते. तिला 'बीए' म्हणतात, ती स्वित्झर्लंडच्या घड्याळी आट्यांवरून घेतलेली, कोन साडेसत्तेचाळीस अंश, आणि ती मुळात मिलिमीटरमध्येच आखलेली आहे: शून्य क्रमांकाचा व्यास सहा मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर एक, पुढच्या प्रत्येक क्रमांकाला ते अंतर आधीच्याच्या नऊ दशांश. इंग्रजांनी हे फ्रेंच माप इंग्रजी नावाखाली वापरले. त्यातला क्रमांक दोन घ्या: व्यास ४.७, अंतर ०.८१. मेट्रिकचा पाच मिलिमीटरचा स्क्रू: अंतर ०.८. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. म्हणून जुना दोन नंबरचा बीए स्क्रू पाचाच्या भोकात सुरळीत जातो. बसला असे वाटते. पण तो अंगाने बारीक असतो, आट्यांच्या शेंड्यांनीच धरलेला, आणि दहाबारा दुहेरी धक्क्यांत शेंडे झडून जातात. उलट, जुने बीए भोक झिजले असेल तर मिस्त्री तिथे पाचाचा टॅप घालतो. टॅप जुन्याच रेघेवरून चालतो आणि नवा आटा जवळजवळ जुन्याच्या जागी पडतो. हे कोष्टक कुठे छापलेले त्याने पाहिलेले नसते. हाताला येणाऱ्या अडथळ्यावरून त्याला दोन्ही कुळे ओळखू येतात.

चापाचे भाग मात्र कठीण पोलादाचे असतात. त्यांना ड्रिल लागत नाही. ते आधी लाल तापवून हळू निवू द्यावे लागतात, मग भोक, मग आटे, आणि मग पुन्हा पाणी. 'पाणी देणे', 'पाणी पाजणे': तापलेले पोलाद बुडवून कठीण करणे आणि मग पुन्हा थोडे तापवून, पिवळसर गवती रंग येताच थांबून, त्याचा ठिसूळपणा काढणे. तलवारीचे पाणी, पाणीदार डोळे, 'त्याचे पाणी जोखले' हे सगळे आपण वाक्प्रचार म्हणून शिकवतो. लोहाराच्या तोंडी त्यात अलंकार नाही. पाणी कमी दिले तर चापाचा खाचा झिजतो, जास्त दिले तर तुटतो, आणि चाप न ओढता सुटणारी बंदूक माणसाच्या जिवाशी खेळते. म्हणून काही मिस्त्री चापाच्या भागाला हातच लावत नाहीत, आणि आमच्या मते त्यांचे बरोबर आहे.

अडचण आहे ती शब्दांची. शासनाच्या परिभाषा कोशांनी यंत्रविद्येसाठी संस्कृत शब्दांची मोठी सामग्री सिद्ध केली. तिच्यात व्यासंग आहे, पण कार्यशाळेत तिचा वावर नाही. आयटीआयच्या मुलाच्या वहीत एका पानावर छापील मराठी असते, दुसऱ्यावर त्याने देवनागरीत लिहिलेले 'टेपर टॅप', 'बॉटमिंग', 'पिच', आणि तिसरी भाषा, 'आटे', 'सूत', 'पाणी', ही तो ओसरीवर बापाकडून ऐकतो, वहीत लिहीत नाही. इंग्रजी शब्दांना आमचा विरोध नाही. 'टॅप' आता मराठीच आहे, 'इंजिन' जितके आहे तितके. आम्हांला खटकते ते हे की तिसरी भाषा आमच्या विद्यापीठीय मराठीच्या कोणत्याच खात्यात जमा नाही. ग्रामीण साहित्याने शेतकरी आणला, उद्धव शेळक्यांनी 'धग'मध्ये वऱ्हाडातल्या शिंप्याचे घर आणले. लेथवरचा माणूस अजून यायचा आहे. बोलीच्या प्रकल्पासाठी आमच्या विद्यार्थ्यांना पाठवतो तेव्हा ते लग्नगीते आणि म्हणी घेऊन येतात, कारण प्रश्नावलीत तेवढेच विचारलेले असते.

यंदा प्रश्नावलीत आम्ही एक पान वाढवले आहे. त्यात भोकाला किती शब्द, सूत म्हणजे किती, सामता घरात कोणी पाहिला का, असे साधे प्रश्न आहेत. पहिल्याच फेरीत मानोरा तालुक्यातून आलेल्या वहीत तीन टॅपांची नावे होती: 'वाट', 'मधला' आणि 'बूड'. वाट म्हणजे आट्यांची वाट पाडणारा पहिला. हा शब्द कोणत्याही कोशात या अर्थाने आम्हांला आढळला नाही. त्या विद्यार्थ्याला त्याचे विशेष वाटले नव्हते, त्याने तो पेन्सिलीने समासात लिहिला होता.